‘यूटोपिया’ : अस्थान की सुस्थान?

वर्गात ‘यूटोपिया’ हा शब्द आला की आपण शिक्षक बहुधा ‘मनोराज्य’ असा प्रतिशब्द देऊन पुढे जातो. या प्रतिशब्दाने मूळ शब्दाचा निम्मा अर्थ गळून पडतो, एवढेच आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

गावांस नावे पडतात ती बहुधा कोणाच्या तरी स्मरणार्थ. आमचे बऱ्हाणपूर फारुकी राजांनी खुलदाबादेस चिरविश्रांती घेणाऱ्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी साधूच्या नावाने वसविले. थॉमस मोरने आपल्या बेटाचे नाव मात्र अभावावरून घडविले. १५१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लॅटिन ग्रंथातून हा शब्द जगात आला. ग्रीक ‘ऊ’ म्हणजे नाही आणि ‘टोपॉस’ म्हणजे स्थान; मिळून ‘अस्थान’. तेथील नदीच्या नावाचा अर्थदेखील ‘निर्जला’ असाच! परंतु ग्रंथाला जोडलेल्या एका पद्यात ‘सु’ या अर्थाच्या ‘एउ’ या उपसर्गाशी श्लेष साधून हे ‘सुस्थान’ही असल्याचे सुचविले आहे.

‘मनोराज्य’ म्हटले की केवळ अस्थान उरते, आणि त्याला उपहासाचा वास येतो. ‘रामराज्या’त सुस्थान आहे, पण तेथील सुख राजाच्या पुण्याईवर उभे असते. मोरच्या बेटावरील सुख समाजाच्या घडणीतून येते : खाजगी मालमत्ता नाही, काम दिवसाचे सहा तास, आणि सोन्याचा उपयोग बेड्या व शौचपात्रे घडविण्यापुरता. अर्थात बेड्या आहेत तेथे गुलामही आहेत, हे विद्यार्थ्यांपासून लपवू नये.

मराठीला ही कल्पना परकी नाही. ‘आनंदवन’ हे काशीचे जुने नाव. समर्थ रामदासांनी ‘आनंदवनभुवन’ म्हणून आपल्या स्वप्नातील भूमी रंगविली. महात्मा फुले यांनी १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात एकाच घरात निरनिराळे धर्म पाळणारी माणसे प्रेमाने राहतील, असे कुटुंब कल्पिले. पुढे बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी जी वसाहत उभारली, तिचेही नाव आनंदवनच. ज्यांना गावात स्थान उरले नव्हते, त्यांच्या श्रमांतून ते स्थान निर्माण झाले.

म्हणून आमची सूचना अशी की, ‘यूटोपिया’ हा शब्द मराठीत तसाच ठेवावा आणि फळ्यावर ‘अ’ व ‘सु’ हे दोन्ही उपसर्ग शेजारी शेजारी लिहावेत. ‘मनोराज्य’ ऐकून विद्यार्थी हसतो आणि पुस्तक मिटतो; दोन्ही अर्थ कळले, तर आपल्या गावात काय नाही, हे तो विचारू लागेल.