कल्याण लोकल ते कॅरिबियन क्रूझ!

पहिल्या बोनसचं काय करायचं, या प्रश्नाला आमच्या कल्याणात सध्या एक नवं उत्तर मिळालंय. आई-बाबांच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला सोन्याची चेन नको, चारधाम नको... थेट क्रूझ! खडकपाड्यापासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत कुठल्याही ट्रॅव्हल एजंटच्या काचेकडे बघा. केसरी छत्र्यांच्या शेजारी एक पांढरीशुभ्र बोट हमखास दिसेल. ज्यांचा दादा किंवा ताई न्यू जर्सीत आहे, त्यांच्याकडे तर गाडी आणखी पुढे जाते. ‘आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत ना? मग आठवडाभर कॅरिबियन करून टाकू!’

आयडिया झकास आहे, वादच नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, बुकिंग करताना ऐकलेला आकडा आणि शेवटच्या रात्री केबिनमध्ये हातात पडणारं बिल, ही दोन वेगळी प्रकरणं असतात. मागच्या सीझनला मी आई-बाबांना घेऊन मुंबई-लक्षद्वीप क्रूझ केली. निघण्याआधी महिनाभर जो दिसेल त्याला पिडून माहिती काढली. मुंबईहून जाऊन आलेले शेजारी, मायामीहून जाऊन आलेले मित्रांचे आई-बाबा, बोटीवर नोकरी करणारी कोकणातली मुलं... कुणालाही सोडलं नाही. त्यातून जे हाती लागलं, ते तुमच्यासाठी!

बोट आपल्याला नवी नाही, बॉस!

‘क्रूझ म्हणजे श्रीमंतांचे चोचले’ असं म्हणणाऱ्या काकांना आधी थोडा इतिहास सांगा. आपलं कल्याण हेच मुळात बंदर! दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ‘कॅलिएना’ म्हणून त्याचा उल्लेख येतो. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतलं आणि आरमाराची सुरुवात याच खाडीच्या काठी झाली. तुमच्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या कोकणी माणसाला विचारा, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जाण्याच्या आठवणी तो तासभर सांगेल.

हॉटेलसारख्या बोटीचा प्रकार मात्र आपल्याकडे अलीकडचा. २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली, पण ती फार काळ टिकली नाही. २०१९ मध्ये आलेली ‘कर्णिका’ कोरोनात बुडाली (म्हणजे कंपनी हो, बोट नाही!). सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागली. गंमत म्हणजे ही ‘एम्प्रेस’ १९९० मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीसाठी बांधली गेली होती. म्हणजे कॅरिबियनची बोटच आपल्या दारात आली म्हणायची!

तिकिटात काय आणि तिकिटाबाहेर काय?

ढोबळ नियम सोपा आहे. झोपणं, मुख्य रेस्टॉरंट आणि बुफेतलं जेवण, स्विमिंग पूल, जिम, बहुतेक शो आणि मुलांचा क्लब तिकिटात. दारू, कोल्ड्रिंक, स्पेशल रेस्टॉरंट, स्पा, वाय-फाय, लाँड्री, फोटो, कॅसिनो आणि किनाऱ्यावरच्या सहली तिकिटाबाहेर. त्यात पोर्ट चार्जेस, टॅक्स आणि टिप कधी धरलेले असतात, कधी नसतात. म्हणून एजंटला एकच प्रश्न विचारा, ‘सगळं धरून किती?’ आणि उत्तर लेखी घ्या.

अमेरिकन बोटींवर टिप हा मोठा आयटम असतो. साधारण पंधरा ते वीस डॉलर, तेही माणशी आणि दर दिवशी. सोळा डॉलर धरले, तरी आई-बाबा दोघांचे सात रात्रींचे २२४ डॉलर झाले की! पण हे पैसे बघून नाक मुरडू नका. केबिन साफ करणाऱ्या आणि ताटं उचलणाऱ्या पोरांच्या कमाईचा तो महत्त्वाचा भाग असतो. त्यातले कितीतरी आपल्याच गोव्याचे, कोकणातले आणि मुंबईचे असतात. टिप बजेटमध्ये आधीच धरा, म्हणजे शेवटी जीव जळत नाही.

बोटीवर रोख पैसे चालत नाहीत, सगळं एका कार्डावर. कार्ड स्वाइप करताना पैसे गेल्यासारखं वाटतच नाही, हीच तर गोम आहे! रोज रात्री रिसेप्शनला किंवा केबिनच्या टीव्हीवर हिशेब बघा. न घेतलेल्या दोन ज्यूसचे पैसे लागले असतील, तर त्याच रात्री सांगितलं की सुटतात. शेवटच्या सकाळी रिसेप्शनसमोर कल्याणच्या तिकीट खिडकीसारखी रांग असते.

फुकटातले लाड

आता खरी मजा. हे लाड मिळवायला फक्त टायमिंग सांभाळावं लागतं.

पहिल्या दिवशी लवकर चढा. केबिन तयार नसली तरी दुपारचा बुफे बहुतेक ठिकाणी सुरू झालेला असतो आणि पूल रिकामा असतो. औषधं, चष्मा, पोहण्याचे कपडे आणि एक जोडी मात्र हातातल्या बॅगेत ठेवा, कारण मोठ्या बॅगा केबिनपर्यंत पोहोचायला कधी कधी संध्याकाळ होते. बाबांची बीपीची गोळी मोठ्या बॅगेत नको म्हणजे नको!

जैन, कांदा-लसूण नसलेलं किंवा डायबेटिसचं जेवण हवं असेल, तर बुकिंगच्या वेळीच सांगा. मुंबईच्या बोटीवर याची सवय असते. कॅरिबियनमध्येही मोठ्या बोटींवर भारतीय शाकाहारी जेवण मिळतं, पण आदल्या रात्री हेड वेटरला सांगून ठेवलेलं बरं.

सगळ्यात भारी लाड कोणता सांगू? बोट बंदरात लागली की अर्धी बोट रिकामी होते. पूलमध्ये आपण एकटे, आरामखुर्च्या मोकळ्या आणि स्पामध्ये बहुतेक वेळा ‘पोर्ट डे डिस्काउंट’. गोवा दहा वेळा बघून झालेल्यांनी हा फंडा जरूर वापरावा.

फोन ठेवा फ्लाइट मोडवर

हे मोठ्या अक्षरात लिहून आई-बाबांच्या पर्समध्ये ठेवा. किनारा दूर गेला की फोन बोटीचं सॅटेलाइटवरचं नेटवर्क पकडतो. ते तुमच्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये असेलच असं नाही. मग नातवाला पाठवलेले चार ‘गुड मॉर्निंग’ हजारांच्या घरात जाऊ शकतात! बोट सुटण्याआधी फ्लाइट मोड, आणि हवं असेल तरच बोटीचं वाय-फाय.

बोट लागली तर?

गाडी लागते तशी बोटही लागते. केबिन निवडताना खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्यावरची घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. सगळ्यात वरची बाल्कनी फोटोत छान दिसते, पण झोकाही तिलाच जास्त. गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते. कुठली घ्यायची ते घरच्या डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः ज्येष्ठांसाठी.

आणि सुरुवातीची सेफ्टी ड्रिल बुडवू नका. ‘आम्हाला येतं हो पोहता’ म्हणणाऱ्यांसाठी दोन तारखा. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. १३ जानेवारी २०१२ ला इटलीत ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आदळली, ३२ जण गेले. त्या संध्याकाळी चढलेल्या अनेकांची ड्रिल व्हायचीच होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ड्रिल घेणं सक्तीचं झालं. तुमची वीस मिनिटं जातील, जाऊ द्या.

किनाऱ्यावर उतरताना

आमच्या लक्षद्वीपच्या ट्रिपचा किस्सा ऐका. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिथे प्रवाळाच्या खडकांमुळे मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, ती बाहेर उभी राहते आणि आपण छोट्या बोटीत उतरायचं. ‘शिड्या वगैरे काही प्रॉब्लेम नाही ना?’ असं मी बुकिंगच्या वेळीच विचारलं होतं. एजंट म्हणाला, ‘अहो, व्हीलचेअरवाले पण जातात!’ प्रत्यक्षात छोटी बोट फूटभर वर-खाली होत होती आणि तिथल्या माणसाने बाबांकडे बघून स्पष्ट सांगितलं, ‘काका, रिस्क नको.’ त्याचं बरोबरच होतं. बाबा वरच थांबले. रिकाम्या बोटीवर त्यांचा दिवस मजेत गेला, पण ते निळं पाणी जवळून बघायचं त्यांच्या मनात किती होतं, ते मला माहीत आहे.

तेव्हा ज्येष्ठांना पाठवत असाल, तर प्रत्येक बंदराबद्दल विचारा, ‘धक्क्याला लागते की छोट्या बोटीने उतरायचं?’ गोवा (मुरगाव) आणि कोचीला बोट धक्क्याला लागते. लक्षद्वीपला छोटी बोट. कॅरिबियनमध्ये ग्रँड केमनलाही छोटीच.

लक्षद्वीपला जायला परमिट लागतं, त्यासाठीची कागदपत्रं वेळेत द्या. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून खिशात टाकणं हा गुन्हा आहे. कोचीत उतरलात तर मट्टनचेरीचं १५६८ मधलं ज्यू सिनेगॉग बघा, फक्त शुक्रवारी आणि शनिवारी ते बंद असतं.

कॅरिबियनचं गणित

आता दादा-ताईंच्या आई-बाबांसाठी. एक, अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, ते बघा, कारण बोट परत येते तेव्हा अमेरिकेत पुन्हा प्रवेश करावा लागतो. वाटेतल्या प्रत्येक देशाचे भारतीय पासपोर्टसाठीचे नियम बोट कंपनीकडून लेखी मागा. दोन, १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा सीझन. तेव्हा तिकीट स्वस्त, पण बंदर ऐनवेळी बदलू शकतं. तीन, बोटीवरचा डॉक्टर महाग असतो. हॉस्पिटलपर्यंत हवाई मार्गाने नेण्याचा खर्च देणारा इन्शुरन्स घ्याच.

चार, सहल कुणाची घ्यायची? बोट कंपनीची सहल महाग, पण तिला परतायला उशीर झाला तर बोट थांबते किंवा कंपनी तुमची सोय करते. बाहेरच्या टॅक्सीवाल्याची स्वस्त, पण तुम्ही अडकलात तर बोट टाटा करून निघून जाते! लांबची सहल कंपनीची आणि धक्क्याजवळची भटकंती स्वतःची, हा सुवर्णमध्य.

पाच, घड्याळ. मेक्सिकोतलं कोझुमेल उन्हाळ्यात मायामीपेक्षा एक तास मागे असतं. तुमचा फोन तिथली वेळ दाखवतो, पण बोट स्वतःच्या वेळेने चालते. फोनमध्ये चार वाजलेत म्हणून तुम्ही शहाळं पीत बसाल, आणि बोटीवर पाच वाजलेले असतील! मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते बोटीच्या वेळेवर ठेवा.

आणि क्रिकेटवेड्या बाबांसाठी स्पेशल! मायामीच्या नेहमीच्या रूटऐवजी सान हुआनहून सुटणारी दक्षिण कॅरिबियनची क्रूझ बघा. सान हुआन अमेरिकेच्याच पोर्तो रिकोत आहे. या रूटवर बार्बाडोस असेल, तर केन्सिंग्टन ओव्हल मैदान बंदरापासून फार लांब नाही. २९ जून २०२४ ला सूर्यकुमारने सीमारेषेवर तो कॅच घेतला आणि रोहितने वर्ल्ड कप उचलला, ते हेच. त्रिनिदाद असेल, तर पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलला टॅक्सी करा. १९७१ मध्ये सुनील गावसकर तिथेच पहिली कसोटी खेळला. वाडेकरांच्या टीमने त्या दौऱ्यात वेस्ट इंडिजला मालिकेत पहिल्यांदा हरवलं. गावसकरच्या ७७४ आणि दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा रेडिओवर ऐकलेल्या माणसाला त्या गेटसमोर नुसतं उभं करा. कुठल्याही पॅकेजमध्ये हे मिळणार नाही!

निघताना, कल्याणकरांसाठी

बॅलार्ड पिअरसाठी सीएसएमटीला उतरून टॅक्सी पुरते. पण बोट रविवारी असेल, तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघा. बोट तुमच्या फास्ट लोकलसाठी थांबणार नाही! बॅगा असतील तर कल्याणहून सुटणारीच गाडी पकडा, नाहीतर सरळ टॅक्सी.

शेवटचं सांगते. रोजचा दिवस सहली, शो आणि झुंबाने गच्च भरू नका. माझ्या आईने ३१ वर्षं सकाळची लोकल पकडून नोकरी केली. बोटीवरही ती पहाटे साडेचारला उठली, पण करायला काहीच नव्हतं. डबा नाही, पाणी भरायचं नाही. डेकवर बसून तिने दोन कप कॉफी घेतली आणि सूर्य वर येईपर्यंत कुणाशी बोलली नाही. मी विचारलं, ‘काय गं, कंटाळलीस?’ तर म्हणाली, ‘छे! उद्या पण इथेच बसू.’

ती कॉफी तिकिटातच होती. बिलात धरलेली नव्हती!