भूल देणारे डॉक्टर आहेत का?



बाई अडली की आपण विचारतो, "सिझर करणारे डॉक्टर आहेत का?" त्याच दमात आणखी एक प्रश्न विचारायला हवा : "भूल देणारे डॉक्टर आहेत का?"

सिझरला दोन डॉक्टर लागतात. एक ऑपरेशन करतो. दुसरा भूल देऊन बाईचा श्वास, नाडी, रक्तदाब सांभाळतो. हा दुसरा नसेल, तर थिएटर असूनही बाईला पुढच्या दवाखान्यात पाठवावं लागतं. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव झाला, तर दोन तासांतही बाई दगावू शकते. मग रस्त्यातला वेळ परवडणार कसा?

भूलतज्ज्ञ शहरात जास्त, तालुक्याला कमी. म्हणून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांसाठी दोन प्रशिक्षणं सुरू केली : एक सिझर आणि बाळंतपणातल्या तातडीच्या उपचारांचं, दुसरं भूल देण्याचं. भुलेचं प्रशिक्षण सुरुवातीला 18 आठवड्यांचं होतं.

त्यात काय शिकतात? सिझरसाठी बहुतेक वेळा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देतात. खालचा भाग बधिर होतो, पण बाई जागी असते. बाळाचं रडणं तिला ऐकू येतं. मात्र या इंजेक्शनने रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून सलाईन आणि औषध तयार ठेवायचं, गर्भाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडू नये म्हणून तिला थोडं डाव्या कुशीकडे कलतं ठेवायचं. श्वास अडला तर घशातून नळी घालायची. हे नुसतं वाचून येत नाही. जाणत्या डॉक्टरांच्या नजरेखाली हात बसावा लागतो. कोणती बाई वेळेवर मोठ्या रुग्णालयात पाठवायची, हेही शिकावं लागतं.

पण भूल शिकलेला डॉक्टर एका तालुक्यात आणि सिझर शिकलेला दुसऱ्या तालुक्यात नेमला, तर उपयोग काय? दोघं एकाच रुग्णालयात हवेत, जोडीला रक्ताची सोयही हवी.

तेव्हा गटाच्या बैठकीत गरोदर बायकांची नावं काढा. सातव्या महिन्यातच आशाताईंना विचारा : सिझर, भूल आणि रक्त, तिन्ही रात्रीसुद्धा कुठे मिळतं? ते नाव घरात लिहून ठेवा. सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त मोफत आहे. गाडीसाठी 102 किंवा 108 लावा. आणि तालुक्याला भूल देणारे डॉक्टर नसतील, तर ग्रामसभेत तसा ठराव मांडा. मागणी लेखी असली की उत्तर मागता येतं.