दोष कॅमेऱ्याचा की डोळ्याचा?

‘कॅमेऱ्यातून अंधुक दिसते’ अशी तक्रार घेऊन माणूस सरळ दुरुस्तीवाल्याकडे जातो आणि पुष्कळदा चांगला कॅमेरा भंगारात निघतो. वास्तविक अंधुक दिसणे आणि अंधुक फोटो येणे हे दोन निराळे आजार आहेत.

एस.एल.आर. कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावरून वर जातो व दुधी पडद्यावर चित्र उमटवतो. ते पंचकोनी लोलकातून आपल्याला दिसते. बटण दाबले की आरसा उचलला जातो आणि तोच प्रकाश मागे फिल्मवर पडतो. भिंगापासून पडदा व फिल्म यांचे अंतर तंतोतंत सारखे हवे. सगळी मदार त्यावर.

प्रथम डोळा तपासावा. भिंग काढून कॅमेरा उजळ भिंतीकडे धरावा व पडद्याच्या मध्यभागी असलेले वर्तुळ पाहावे. त्याची कडाच पुसट दिसली, तर फोकसची कडी कितीही फिरवा, उपयोग नाही. पडदा डोळ्याला साधारण मीटरभर दूर असल्यासारखा भासतो; साठीकडे झुकलेल्या डोळ्याला ते अंतर जड जाते. नव्या कॅमेऱ्यांत नेत्रिकेशेजारी नंबर जुळवण्याची बारीक चकती असते. १९७६ ते १९९७ पर्यंत निघालेल्या पेंटॅक्स के-१००० सारख्या साध्या कॅमेऱ्यांत ती नाही. माझ्या मामांचा कॅमेरा ‘लोलक गेला’ म्हणून तीन वर्षे कपाटात पडून होता. त्या काळात घरात दोन लग्ने झाली, त्यांचे फोटो दुसऱ्यांनी काढले. शेवटी चष्म्याच्या दुकानात नेत्रिकेसमोर अधिक एक नंबरची काच धरली आणि वर्तुळ लख्ख दिसले. लोलकाला काहीही झालेले नव्हते!

मधले वर्तुळ दुभंगलेले असेल, तर त्याला उभी रेघ लागते. ठाकुर्लीच्या रेल्वेपुलावरून रुळांवरच्या आडव्या तारा पाहिल्या तर काहीच कळत नाही. शेजारचा विजेचा खांब पाहावा. त्याचे वरचे व खालचे तुकडे एका रेषेत आले की फोकस जुळला. तारेवरच जुळवायचे असेल, तर कॅमेरा आडव्याचा उभा करावा. एफ ५.६ किंवा त्याहून मंद भिंग लावल्यावर वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो. तो बिघाड नव्हे.

वर्तुळ स्पष्ट, खांब जुळलेला आणि तरीही फोटो अंधुक, असे असेल तर मात्र कॅमेऱ्यावर संशय घ्यावा. यासाठी रोळ खर्च करण्याची गरज नाही. रिकाम्या कॅमेऱ्याचे मागचे दार उघडावे, फिल्म जिथून सरकते त्या आतल्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवावा आणि भिंग पूर्ण उघडून ‘बी’वर पडदी उघडी ठेवावी. निरभ्र दिवशी गच्चीवरून मलंगगडाचा सुळका पाहावा. कागदावर तो उलटा उमटेल. हातभिंगाने पाहून कागदावर सुळका रेखीव करावा, मग पडदी मिटून वरून पाहावे. तिथे तो पुसट दिसला, तर दुधी पडदा नीट बसलेला नाही किंवा आरसा आपल्या जागी परतत नाही. आरशाचा कोन हे दुरुस्तीवाल्याचेच काम.

आरशाला बोट मात्र लावू नये. त्याचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो आणि पुसताना तोच निघतो. पडद्यावरची धूळ डोळ्याला खुपते खरी, पण फोटोत येत नाही. ती तशीच राहू द्यावी.