अनंत शिक्षा आणि दुसऱ्यानें भोगलेलें शासन

अपराधाच्या मानानें शिक्षा असावी आणि ती अपराध्यासच व्हावी, याविषयीं आपणांत मतभेद असेल असें वाटत नाहीं. ख्रिस्ती धर्मांतील दोन पारंपरिक सिद्धांतांवर खुद्द ख्रिस्ती विचारवंतांनीं जे आक्षेप घेतले, ते याच दोन साध्या समजुतींवर उभे आहेत. पहिला सिद्धांत पाप्याच्या अनंत नरकवासाचा. दुसरा, येशूनें मानवांच्या ऐवजीं त्यांच्या पापांचें शासन भोगलें, हा.

या मतांमागें एक तर्क आहे. ॲन्सेल्मनें १०९८ च्या सुमारास असें मांडलें कीं, ईश्वराची थोरवी अनंत असल्यामुळें त्याच्याविरुद्ध केलेल्या अपराधाची भरपाई मर्त्य मानवाच्या शक्तीबाहेरची आहे. ती देव आणि मानव एकत्र असलेला ख्रिस्तच करूं शकतो. सोळाव्या शतकांतील धर्मसुधारकांनीं या भरपाईस न्यायालयीन शिक्षेचें रूप दिलें.

१५९४ त सोसिनसनें यावर बोट ठेविलें. पैशाचें ऋण दुसऱ्यास फेडतां येतें. अपराधाचें उत्तरदायित्व मात्र हस्तांतरित होत नाहीं. शिवाय, ऋण पुरें वसूल झालें असेल, तर क्षमा ती कशाची केली?

नाताळचे बिशप कोलेन्सो यांस हा प्रश्न केवळ ग्रंथांतला उरला नाहीं. १८५३ त ते त्या पदावर आले. ज्यांच्या पूर्वजांनीं ख्रिस्ताचें नांवही ऐकिलें नव्हतें, त्या झुलू लोकांस ‘तुमचे वाडवडील सदैव जळत राहणार’ असें कोणत्या तोंडानें सांगावें? १८६१ च्या आपल्या रोमकरांस पत्राच्या भाष्यांत त्यांनीं अनंत शिक्षा नाकारली. आणि ख्रिस्त आपल्यासाठीं मेला, परंतु आपल्या बदलीं शिक्षा भोगून नव्हे, असें प्रतिपादिलें. १८६३ त केपटाउनच्या बिशपांनीं त्यांस पदच्युत ठरविलें. १८६५ त प्रिव्ही कौन्सिलनें तो निर्णय रद्दबातल केला. पुढें १८७३ त लांगालिबालेले या नायकाच्या प्रकरणीं सबंध जमातीची वाताहत करण्यांत आली, तेव्हां तिच्या बाजूनें हेच बिशप उभे राहिले. एकाच्या दोषाचें शासन दुसऱ्यास, हें त्यांस ना स्वर्गाच्या न्यायांत मान्य होतें, ना सरकारच्या.

समर्थकांचें उत्तरही ऐकिलें पाहिजे. ख्रिस्तानें तें दुःख स्वेच्छेनें पत्करिलें, आणि नरक म्हणजे ईश्वरास विन्मुख होण्याची मनुष्याची स्वतःचीच निवड, असें ते म्हणतात. परंतु स्वेच्छेनें त्याग थोर ठरतो. निरपराध्यास शिक्षा देणें न्याय्य ठरत नाहीं. आणि अल्प आयुष्यांतील निवडीस परतीची वाट कधींच नसावी, हें कोणत्या दयेंत बसतें?

ईश्वराचा न्याय आपल्या न्यायाहून थोर असेल. तो त्याच्या उलट असेल, तर त्यास न्यायी म्हणण्यांत अर्थ काय राहिला? कोलेन्सोंसारख्यांनीं हा प्रश्न श्रद्धा सोडून विचारला नाहीं. श्रद्धेची लाज राखण्यासाठीं विचारला.