संबंधानंतरची धाकधूक : हर्पिसची भीती आणि मोजायचे दिवस

आजचा विषय बैठकीत कोणी मोठ्यानं काढत नाही. पण रजिस्टर मिटलं, बायका पांगल्या, की एखादी मागं थांबते आणि हळूच विचारते, "ताई, मले तो रोग लागला असंन का वो?" कुणाचा नवरा ऊसतोडीवरून नाहीतर पुण्याच्या बांधकामावरून चार महिन्यांनी घरी आलेला असतो. कुणाचा संबंध दुसरीकडे आलेला असतो. कुणावर जबरदस्ती झालेली असते. संबंध कोणाशी आला, हे आम्ही विचारत नाही. भीती सगळ्यांची सारखीच असते, आणि त्या भीतीत हर्पिसचं नाव येतं. म्हणून आज त्याच्याबद्दल बोलू.

हर्पिस हा विषाणूचा आजार आहे. त्याचे दोन प्रकार. पहिला बहुतेक तोंडाजवळ येतो. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुपका उठतो ना, तो हाच. दुसरा लघवीच्या जागी, मांडीवर, कुल्ल्यावर येतो. तोंडाच्या संबंधातून पहिला प्रकारही खाली जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की जगात पन्नाशीच्या आतल्या दर तीन माणसांपैकी जवळपास दोघांच्या अंगात पहिला प्रकार आहे. १५ ते ४९ वयातल्या साधारण दर आठांपैकी एकाच्या अंगात दुसरा आहे. त्यातल्या बहुतेकांना ते कळतही नाही. तेव्हा हा काही 'वाईट चालीच्या' बाईचा रोग नाही.

आपल्याकडे असे फोड दिसले की 'नागीण निघाली' म्हणतात. डॉक्टरी भाषेत नागिणीच्या नावातही हर्पिस हा शब्द आहे, म्हणून घोळ होतो. पण नागीण वेगळ्या विषाणूची. कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू अंगात दडून राहतो आणि पुढं कधीतरी अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड आणतो. शरीरसंबंधातून नागीण लागत नाही. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, हेही खरं नाही.

हर्पिस लागतो कातडीला कातडी लागून. फोड असताना धोका जास्त, पण फोड नसतानाही लागू शकतो. निरोधनं धोका बराच कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण झाकलेल्या जागेबाहेरची कातडी उघडीच राहते. संडास, विहिरीचं पाणी, एका ताटात जेवणं, धुतलेले कपडे यांची भीती बाळगू नका.

आता दिवस मोजू. लागण झालीच असेल तर फोड बहुतेक २ ते १२ दिवसांत येतात. आधी चुणचुण आणि आग. मग पाण्यानं भरलेले बारीक फोड. ते फुटून दुखऱ्या जखमा होतात. लघवी झोंबते, जांघेत गाठी येतात, कधी ताप येतो. १२ दिवस काही न होता गेले, तर मनावरचं बरंच ओझं उतरवायला हरकत नाही. अंगावरून पांढरं जाणं किंवा नुसती खाज म्हणजे हर्पिस असं समजू नका. त्याची कारणं बहुधा वेगळी असतात. तीही दवाखान्यात दाखवायचीच. न दुखणारी जखम असेल तरी दाखवा, ती गरमीची, म्हणजे सिफिलिसची असू शकते.

पण काही गोष्टींना १२ दिवस थांबायचं नाही. एचआयव्हीची शंका असेल तर ती टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. नको असलेली गर्भधारणा टाळायची गोळीही ७२ तासांच्या आत घ्यायची. ती आशाताईकडे मागा. जबरदस्ती झाली असेल तर सरळ सरकारी दवाखाना गाठा. पोलिसांत तक्रार केलेली नसली तरी उपचार मोफत द्यावेच लागतात. १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर आहे.

घाबरून दुसऱ्याच दिवशी खासगी लॅबमध्ये रक्त देऊन पैसे घालवू नका. रक्तात खूण दिसायला १२ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आधीच केलेली तपासणी कोरी आली तरी तिचा अर्थ काही नाही. खरी ओळख पटते ती ताज्या फोडावरून. डॉक्टर बघून सांगतात, सोय असेल तिथं फोडातलं पाणी तपासतात. म्हणून फोड दिसला की त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी जा. मेडिकलमधून आणलेलं खाजेचं मलम, चुना, हळद, झाडपाला काही लावू नका. फोडाचं रूप बदललं की डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं.

उपचार आहेत. असायक्लोव्हिर नावाच्या गोळ्या आहेत. फोड आल्यापासून ३ दिवसांच्या आत सुरू केल्या तर जखमा लवकर भरतात. सरकारी दवाखान्यात या आजाराचं औषध लाल रंगाच्या किटमध्ये मिळतं. विषाणू अंगातून पुरता जात नाही, फोड पुन्हा येऊ शकतात, पण पुढं पुढं ते कमी आणि हलके होत जातात. या आजारानं माणूस वांझ होत नाही. मात्र जखमा असताना एचआयव्ही लागायचा धोका वाढतो, म्हणून जखम भरेपर्यंत संबंध नको आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या.

गरोदर ताईंसाठी एक गोष्ट. तुम्हाला किंवा नवऱ्याला असे फोड कधी आले असतील तर ते लाजून लपवू नका, सिस्टरला सांगा. शेवटच्या तीन महिन्यांत नव्यानं लागण झाली तर बाळाला धोका असतो. कळांच्या वेळी फोड असतील तर डॉक्टर सिझेरियन सुचवतात. जुनी लागण असेल तर बाळाचा धोका फार कमी असतो.

आता घरातल्या भांडणाचं. फोड आज आले म्हणजे लागण आजचीच, असं नसतं. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. लग्नाच्या आधीची लागण दहा वर्षांनीही वर येते. म्हणून फोड बघून "तूच आणलास" असं ना नवऱ्यानं बायकोला म्हणावं, ना बायकोनं नवऱ्याला. रक्ताच्या तपासणीतूनही कोणाकडून आला ते कळत नाही. या एका गैरसमजानं बाई माहेरी धाडली जाते, मार खाते. दोघांनी मिळून दवाखान्यात जाणं, हाच मार्ग.

गप्प बसण्याची किंमत आपल्या विदर्भानं पाहिली आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. आणि त्याआधी अशी तपासणी कधी झालेली होती फक्त ८ टक्के बायकांची. दुखणं होतं, बोलायला जागा नव्हती.

आज जागा आहे. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. पुसद, दारव्हा, पांढरकवड्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथं "सुरक्षा क्लिनिक कुठं आहे?" एवढंच विचारा. आजाराचं नाव घ्यायची गरज नाही. १०९७ हा मोफत नंबर आहे, नाव न सांगता बोलता येतं. काळजीनं झोप उडाली, घास उतरत नाही, सारखं आरशात बघणं चाललंय, असं असेल तर १४४१६ या मोफत नंबरवर बोला. मनाचं दुखणंही दुखणंच.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे पान मोठ्यानं वाचा. तांड्यावर, पोडावर ज्या ताईंना वाचता येत नाही त्यांना सांगा. हे दोन नंबर गटाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आणि कोणी विश्वासानं काही सांगितलं तर ते दुसऱ्या कानाला जाऊ देऊ नका.