जुने वॉशिंग मशीन लावण्याआधी तपासा



मागच्या उन्हाळ्यात मंडळीतील एका कुटुंबाने पातूरच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाला आपले जुने वॉशिंग मशीन दिले. दोन टाक्यांचे, सेमी-ऑटोमॅटिक. एका टाकीत कपडे धुवायचे आणि दुसरीत पिळायचे. वीस-पंचवीस वर्षे चाललेले, पण पुसून लख्ख केलेले. डोंगराकडच्या गावांतून शिकायला आलेल्या मुलींच्या चादरी आणि गोधड्या आजवर मावशी हातानेच धूत होत्या, त्यामुळे मशीन आले त्या दिवशी सर्वांना आनंद झाला. आम्ही त्याच संध्याकाळी ते न्हाणीजवळ ठेवले, पिन लावली आणि चालू केले.

चौथ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "भाऊ, थे मशीन मले चावते."

मी जाऊन हात लावला. मला काहीच जाणवले नाही. "मावशी, तुमचा भास असेल," असे मी म्हणालो. त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "तुमी चप्पल काढा, अन् मंग हात लावा."

तेव्हा माझ्या लक्षात आले. मी कोरड्या जागी रबरी चप्पल घालून उभा होतो. मावशी दिवसभर ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असतात. मी चप्पल काढली नाही, आधी मशीनची पिन काढली. हा लेख त्या दिवशी जे शिकलो त्याविषयी आहे. जुने मशीन घरी असणाऱ्यांनी आणि कोणाला भेट देऊ इच्छिणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

जुने मशीन टाकाऊ नसते

कपडे धुण्याच्या यंत्राची कल्पना फार जुनी आहे. जर्मनीतील रेगेन्सबुर्गचे पाळक आणि निसर्गअभ्यासक याकोब क्रिस्टियान शेफर यांनी १७६७ साली हाताने फिरवायच्या धुलाई यंत्राची रचना प्रसिद्ध केली होती. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरात हे यंत्र शिरले ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनची दूरदर्शनवरची जाहिरात पुष्कळांना अजून आठवत असेल.

त्या पिढीतल्या दोन टाक्यांच्या मशीनमध्ये संगणकी पाटी नसते. धुण्याची मोटर, पिळण्याची मोटर, चावीच्या घड्याळासारखे दोन टायमर, कपॅसिटर, एक पट्टा, ब्रेक आणि पाणी सोडण्याचा व्हॉल्व्ह, एवढाच सारा संसार. म्हणूनच त्यातला बिघाड शोधता येतो, आणि बहुतेक सुटे भाग अकोल्यासारख्या शहरात अजून मिळतात. मात्र तपासणीचा क्रम पाळला पाहिजे. आधी वीज न लावता, मग अर्थिंग, मग रिकामे आणि शेवटी पाणी व कपडे घालून.

पहिली पायरी: पिन काढलेली असताना

मशीन भिंतीपासून ओढून मागचे झाकण उघडा. पहिली नजर तारांवर टाका. उंदीर खालच्या मोकळ्या बाजूने आत शिरतात आणि तारांचे आवरण कुरतडतात. उघडी तांब्याची तार दिसली तर काम तिथेच थांबवा. दुरुस्तीनंतर तळाला जाळी बसवा.

मग पट्टा पाहा. त्याला भेगा नसाव्यात. मधोमध बोटाने दाबला तर साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. त्याहून सैल असेल तर ओल्या कपड्यांचे ओझे पडताच घसरतो.

पिळण्याच्या टाकीखालची मोटर नीट पाहा. टाकीचा दांडा जिथून खाली येतो तिथे रबरी सील असते. ते फाटले की पाणी थेंबाथेंबाने मोटरवर पडते. मोटरच्या डोक्यावर गंज किंवा साबणाचे पांढरे ओघळ असतील तर सील गेले असे समजा. आमच्या मशीनमध्ये नेमके हेच झाले होते.

टायमर तपासायला वीज लागत नाही, कारण आत स्प्रिंग असते. धुण्याचा टायमर साधारण १५ मिनिटांचा आणि पिळण्याचा ५ मिनिटांचा असतो. चावी फिरवून कान द्या. टिक-टिक ऐकू यावी, आणि चावी मध्येच न अडकता शून्यावर परत यावी.

मल्टिमीटर असेल तर

एक साधा मल्टिमीटर पुष्कळ गोष्टी सांगतो. हे सर्व मोजमाप पिन सॉकेटमधून काढूनच करायचे.

मशीनच्या पिनचा मोठा, लांब पाय म्हणजे अर्थिंग. त्या पायापासून मशीनच्या आतल्या मोटरच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत तार अखंड आहे का ते पाहा. मीटरने जवळजवळ शून्य ओहम दाखवले पाहिजे.

मग दोन्ही टायमर चालू करून, पिळण्याच्या टाकीचे झाकण बंद करून, उरलेल्या दोन पायांपैकी प्रत्येक पाय आणि मोठा पाय यांच्यामध्ये मोजा. इथे मीटरने सर्वांत वरच्या पट्टीवरही काही दाखवू नये. दोन मेगाओहमपेक्षा कमी आकडा आला तर वीज अंगावर गळते आहे. ते मशीन लावू नका. इथे काही दिसले नाही म्हणजे सर्व ठीक, असेही मात्र नाही. मीटरची बॅटरी लहान असते. खरी खात्री वायरमनकडच्या ५०० व्होल्टच्या मेगरने होते.

शेवटी एकच टायमर चालू ठेवून त्या दोन लहान पायांमध्ये मोजा. काही दहा ओहम दिसणे चांगले. शून्य दिसले तर कुठेतरी शॉर्ट आहे. काहीच दिसले नाही तर तार, टायमर, झाकणाचा स्विच किंवा मोटरचे वाइंडिंग यांपैकी काही तुटले आहे. धुण्याच्या टायमरवर आकडा येतो-जातो, त्याने घाबरू नका. टायमर मोटरला एकदा उजवीकडे, मग विश्रांती, मग डावीकडे फिरवतो, म्हणून तसे होते.

कपॅसिटरला हात लावण्यापूर्वी त्यातली उरलेली वीज काढावी लागते. हे काम माहितगारावर सोडा. त्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा मोजमाप दहा टक्क्यांहून अधिक कमी आले तर कपॅसिटर बदलावा.

दुसरी पायरी: घराचे अर्थिंग

आमच्या मशीनची पिन तीन पायांची होती, सॉकेटलाही तीन भोके होती. पण सॉकेट उघडले तेव्हा वरच्या मोठ्या भोकाला तारच जोडलेली नव्हती! तिसरा पाय हवेत होता.

याचा अर्थ असा. ओल्या मोटरमधून गळणारी वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायला हवी होती. ती वाट बंद असल्यामुळे ती मशीनच्या लोखंडी भागावर थांबून राहिली, आणि मावशींचा ओला हात लागताच त्यांच्या अंगातून जमिनीत गेली. चप्पल घातलेल्या माझ्यातून तिला वाट मिळाली नाही. शरीरातून ३० मिलीअँपिअर इतका प्रवाह गेला तरी तो जिवावर बेतू शकतो. एक छोटा बल्ब यापेक्षा जास्त वीज घेतो. मावशींना बसत होती ती झिणझिणी म्हणजे आधी मिळालेली सूचना होती, आणि मी तिला भास म्हटले होते.

पुष्कळ घरी टेस्टर लावून पाहतात. टेस्टर नुसत्या ओलाव्यानेही पेटतो, आणि पेटला नाही म्हणून धोका नाही असेही नसते. सॉकेटच्या उजव्या भोकात फेज, डाव्या भोकात न्यूट्रल आणि वर अर्थ असतो. फेज ते अर्थ यांच्यात फेज ते न्यूट्रलइतकाच दाब यायला हवा. पण अर्थिंग कमजोर असले तरी मल्टिमीटर पूर्ण दाब दाखवू शकतो. म्हणून वायरमनकडून भार टाकून तपासून घ्या.

अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. काळी माती भेगाळते, मुरमात तर ओल टिकतच नाही. मार्च ते जून दर आठ दिवसांनी त्यात बादलीभर पाणी ओतावे. आणि मुख्य बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. वीज वाट चुकली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. मशीन नवे असो की जुने, हा खर्च टाळू नये.

तिसरी पायरी: रिकामे चालवणे

आता रबरी चप्पल घालून, कोरड्या हाताने, कोरड्या जागी उभे राहून मशीन रिकामे चालवा. त्याआधी विजेचा दाब किती आहे ते पाहा. आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी पंप आणि कूलर एकदम सुरू होतात आणि दाब उतरतो. २३० व्होल्टऐवजी १७० मिळाले तर मोटरची ओढण्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. अशा वेळी मशीन घुं-घुं करून थांबले तर दोष मशीनचा नसतो. पहाटे पुन्हा पाहा.

धुण्याच्या बाजूची लक्षणे अशी. मोटर घुं करते पण फिरत नाही: पिन काढून तळाची चकती हाताने फिरवा. अडकत असेल तर खाली नाणे, केसांची पिन किंवा नाडी असते. सहज फिरत असेल तर बहुधा कपॅसिटर. मोटर फिरते पण चकती फिरत नाही: पट्टा घसरतो आहे, किंवा चकतीचे मधले भोक झिजले आहे. चकती एकाच दिशेने फिरते: टायमरचा एक संपर्क गेला आहे.

पिळण्याच्या बाजूला अजिबात हालचाल नसेल तर आधी झाकणाचा स्विच पाहा, मग ब्रेकची तार. आतल्या आणि बाहेरच्या टाकीमध्ये मोजा किंवा रुमाल अडकलेला पुष्कळदा सापडतो. धडधड होत असेल तर मशीन समपातळीत आहे का आणि मोटरखालच्या स्प्रिंग शाबूत आहेत का ते पाहा. बरेचदा एका बाजूला जड चादर कोंबलेली असते, एवढेच कारण असते.

एक गोष्ट मात्र कधीही चालवून घेऊ नका. झाकण उघडल्यावर टाकी काही सेकंदांत थांबलीच पाहिजे. ती फिरतच राहिली तर ब्रेक गेला आहे. फिरणाऱ्या टाकीत कापडाबरोबर हातही ओढला जातो. लहान मुले असतील तिथे असे मशीन चालवू नये.

चौथी पायरी: पाणी

टाकी भरून पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि तासाभराने पाहा. पाणी उतरले तर सोडण्याच्या व्हॉल्व्हमध्ये धागे किंवा कचरा अडकलेला असतो. झाकण काढून रबर धुतले की बहुधा काम होते. थेंब चकतीच्या खालून येत असतील तर तिथले सील बदलावे लागते.

आपल्या भागात बोअरचे पाणी जड असते. खाली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर विचारायलाच नको. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याचा चिकट थर टाकीमागे साचतो आणि धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येतो. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून मशीन रिकामे दहा मिनिटे फिरवा, तासभर तसेच ठेवा आणि सोडून द्या. उकळते पाणी ओतू नका, प्लास्टिकची टाकी वाकते.

आमच्या मशीनचे काय झाले

आम्ही सील बदलले. मोटर सोडवून दोन दिवस वऱ्हाडच्या उन्हात वाळवली. वायरमनने मेगर लावून पुन्हा मोजले तेव्हा आकडा समाधानकारक आला. सॉकेटला बोर्डापासून नवी हिरवी तार ओढली, आरसीसीबी बसवला आणि मशीनखाली लाकडी पाट ठेवला. या सगळ्यात महाग पडला तो आरसीसीबी. सील तर फार स्वस्तात आले.

मोटरचे वाइंडिंग जळाले असते किंवा टाकीच तडकली असती, तर आम्ही ते मशीन भंगारात दिले असते. दुरुस्तीचा मोह कुठे आवरायचा हेही ठरवावे लागते.

आता मावशी त्याच मशीनवर चादरी धुतात. पहिल्या दिवशी त्यांनी हात लावण्याआधी माझ्याकडे पाहिले. मी आधी हात लावला, मग त्यांनी. "आता नाई चावत," त्या म्हणाल्या, आणि बादली उचलून कामाला लागल्या.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरातले जुने मशीन, पंखा, मिक्सर कोणा संस्थेला किंवा शेजाऱ्याला देताना त्याला एक चिठ्ठी बांधा. काय चालते, काय चालत नाही, शेवटचे केव्हा दुरुस्त केले, कधी झटका लागला का, हे तीत लिहा. आणि घेणाऱ्यांनीही पिन लावण्याआधी सॉकेट तपासून घ्यावे. घरात काम करणारी बाई "मशीन चावते" म्हणाली, तर तिला भास म्हणू नका. आधी पिन काढा.