पांढऱ्या चेंडूचा मुक्काम

पूलच्या खेळातील जगज्जेते आणि त्याच खेळावर चरितार्थ चालविणारे इतर व्यावसायिक यांच्यात अंतर कशाचे, असा प्रश्न एका वाचकाने केला आहे. नजरेचे, हे उत्तर सुचणे स्वाभाविक. परंतु १९९४ साली ॲबरनेथी प्रभृती संशोधकांनी स्नूकरपटूंची परीक्षा घेतली, तेव्हा दृष्टीच्या सर्वसाधारण चाचण्यांत निष्णात आणि नवशिके सारखेच ठरले, आणि फरक पडला तो टेबलावरची मांडणी ध्यानात ठेवण्यात व पुढील फटक्यांची तजवीज करण्यात.

कॅरममध्ये सोंगटी घेतली की स्ट्रायकर उचलून पुन्हा आपल्या रेषेवर ठेवण्याची मुभा असते. पूलमध्ये ही सवलत नाही. पांढरा चेंडू जिथे थांबेल तिथूनच पुढचा फटका, आणि ‘नाइन-बॉल’मध्ये तर सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूलाच प्रथम स्पर्श करण्याची सक्ती! पुढच्या चेंडूसाठी सोयीची जागा बहुधा पाचरीसारखी, लांबट असते. ती जो आडवी ओलांडू पाहतो, त्याचा वेगाचा अंदाज वीतभर चुकला तरी डाव हातचा जातो. उलट जो चेंडूला तिच्या लांबीच्या दिशेने आत आणतो, त्याची हातभर चूकही खपून जाते. अव्वल खेळाडू स्वतःची चूक आधीच हिशेबात धरतो, एवढेच. पण हे ‘एवढेच’ फार थोड्यांना साधते, कारण इथल्या चुकीला चक्रवाढ व्याज लागते.

या चेंडूंचे गणित कोरिओलिस या फ्रेंच पंडिताने १८३५ साली एका स्वतंत्र ग्रंथात मांडले, आणि त्याच वर्षी फिरत्या चौकटीतील गतीवरचा त्याचा निबंधही प्रसिद्ध झाला. पुढे चक्रीवादळांच्या वर्णनात त्याचे नाव अजरामर झाले आणि बिलियर्डचा ग्रंथ मात्र कपाटात गेला, हा मला त्या ग्रंथावर झालेला अन्यायच वाटतो.

फिलिपाइन्सच्या एफ्रेन रेयेसचे विद्यापीठ निराळे होते: मनिलातील एका नातेवाइकाच्या पूलघरात तो वाढला, उंची पुरेना म्हणून शीतपेयाच्या खोक्यांवर उभा राहून खेळला आणि रात्री टेबलावरच झोपला. १९९९ साली कार्डिफ येथे तो नाइन-बॉलचा जगज्जेता झाला. त्याच्या खेळाची चित्रफीत मिळाल्यास वाचकांनी रंगीत चेंडू पॉकेटात जाताना पाहू नये. पांढरा कुठे थांबतो तेवढे पाहावे.